विश्लेषण : ग्राहक आणला कोणी? वरळीच्या टॉवरविक्रीत दलालीचा निकाल देणारे सॉफ्टवेअर कसे चालते?

वरळीत दहा कोटींचा फ्लॅट विकला गेला आणि दलालीचा दर दोन टक्के असला, तर एजंटाच्या वाट्याला २० लाख रुपये येतात. मात्र ते नेमके कोणत्या एजंटाला मिळणार, किंवा कोणालाच मिळणार नाहीत, याचा निकाल बहुतेक वेळा विक्री कार्यालयातल्या संगणकातील एका नोंदीवर लागतो. ही नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला 'सीआरएम' म्हणजे ग्राहक व्यवस्थापन प्रणाली म्हणतात. कंपनीचे पगारी विक्री पथक आणि बाहेरचे एजंट या दोघांसाठी ती कशी बेतली जाते आणि त्यात कोणाचे काय पणाला लागते, याचा हा वेध.

वरळीतच हा प्रश्न इतका मोठा का?

गिरण्यांच्या भोंग्यांवर चालणारी वरळी आता टॉवरची वरळी झाली आहे. सेंच्युरी मिलच्या जागेवर 'बिर्ला नियारा' उभे राहत आहे. बॉम्बे डाइंगची वरळीतील सुमारे २२ एकर जमीन जपानच्या सुमितोमो समूहातील कंपनीने घेण्याचा सुमारे ५,२०० कोटी रुपयांचा व्यवहार २०२३ मध्ये जाहीर झाला. मार्च २०२४ मध्ये वरळीहून मरीन ड्राइव्हकडे जाणारा किनारी रस्ता सुरू झाला आणि मे २०२५ मध्ये भुयारी मेट्रो आचार्य अत्रे चौकापर्यंत आली. त्याच महिन्यात वरळी सी-फेसवरील दोन डुप्लेक्स घरांचा ६३९ कोटी रुपयांचा व्यवहार देशभर गाजला.

एवढ्या किमतीचे घर रस्त्यावरची पाटी वाचून कोणी घेत नाही. दक्षिण मुंबई, वांद्रे, दुबई, सिंगापूर अशा ठिकाणच्या खरेदीदारांशी ज्यांची जुनी ओळख आहे, असे एजंट बिल्डरला लागतात. या व्यवसायात त्यांना 'चॅनल पार्टनर' किंवा नुसते 'सीपी' म्हणतात. एका मोठ्या प्रकल्पासाठी असे शेकडो एजंट काम करू शकतात. शिवाय बिल्डरचे स्वतःचे विक्री पथक असते, कॉल सेंटर असते आणि समाजमाध्यमांवरच्या जाहिरातीही असतात. परिणामी एकच ग्राहक चार वाटांनी त्याच टॉवरच्या दारात येतो आणि मग 'याला आणला कोणी?' हा प्रश्न उभा राहतो.

सीआरएम म्हणजे नेमके काय?

पूर्वी एजंटाच्या खिशातली डायरी आणि विक्री व्यवस्थापकाचे रजिस्टर हेच ग्राहक व्यवस्थापन होते. संगणकावर ते आणण्याचे काम अमेरिकेतील सीबेल या १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने मोठ्या प्रमाणावर केले. १९९९ मध्ये सुरू झालेल्या सेल्सफोर्सने तेच काम इंटरनेटवरून, मासिक भाड्याने द्यायला सुरुवात केली. भारतीय झोहोचे सीआरएम २००५ मध्ये आले. 'सुटसीआरएम'सारखी मुक्त स्रोत प्रणाली कोणीही फुकट उतरवून आपल्या सर्व्हरवर चालवू शकतो.

या सगळ्यांचा गाभा सारखाच आहे. चौकशी करणारी व्यक्ती म्हणजे 'लीड'. तिच्याशी झालेला प्रत्येक फोन, भेट, दिलेली कॉस्ट शीट आणि मिळालेले उत्तर तारीख-वेळेसह नोंदवले जाते. लीड पुढे सरकत 'साइट व्हिजिट', 'निगोशिएशन', 'बुकिंग' अशा टप्प्यांतून जाते. व्यवस्थापकाला सकाळी एका पडद्यावर कळते की कोणाकडे किती ग्राहक आहेत आणि कोण कुठे अडकले आहे.

मग तयार सॉफ्टवेअर जसेच्या तसे का चालत नाही?

कारण त्याची मूळ रचना एका गृहीतकावर उभी असते : विकणारे सगळे एकाच कंपनीचे पगारदार आहेत. टॉवरच्या विक्रीत तसे नसते. येथे 'सोर्सिंग मॅनेजर' एजंटांना सांभाळतो, 'क्लोजिंग मॅनेजर' ग्राहकाशी सौदा पक्का करतो, कॉल सेंटरमधील 'प्री-सेल्स' पथक जाहिरातीतून आलेल्यांना फोन करते आणि ग्राहक ज्याच्या ओळखीचा असतो तो एजंट कंपनीचा नोकरच नसतो. तोच एजंट समोरच्या टॉवरचेही घर विकत असतो.

त्यामुळे प्रणालीत काही गोष्टी नव्याने बसवाव्या लागतात. लीडच्या नोंदीत 'स्रोत' हा रकाना असतोच. त्याला जोडून 'एजंट कोण', 'त्याचा महारेरा क्रमांक', 'टॅग कधी झाला' आणि 'टॅग कधी संपतो' हे रकाने लागतात. एजंटाला स्वतःहून नोंद करता यावी म्हणून वेगळे प्रवेशद्वार, म्हणजे 'पार्टनर पोर्टल' किंवा मोबाइल अ‍ॅप लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकाच ग्राहकावर दोघांनी हक्क सांगितला तर काय, याचा नियम आधीच लिहून यंत्रात घालावा लागतो.

वाद नेमका कुठे पेटतो?

एक काल्पनिक पण नेहमीच्या वळणाचे उदाहरण घेऊ. दादरच्या एका व्यावसायिकाने जानेवारीत फेसबुकवरील जाहिरात पाहून आपला क्रमांक भरला. कॉल सेंटरने दोनदा फोन केला. त्याने उचलला नाही. मार्चमध्ये प्रभादेवीच्या एका एजंटाने त्याला चार टॉवर फिरवून दाखवले, त्यात हाही होता. एप्रिलमध्ये तो पत्नीसह थेट विक्री कार्यालयात आला आणि नोंदवहीत पत्नीचा मोबाइल क्रमांक लिहिला. मे महिन्यात दुसऱ्या एजंटाने त्याला 'माझ्यामार्फत घ्या, माझ्या दलालीतला काही भाग तुम्हाला परत देतो' असे सांगितले. बाजारात याला 'पास-ऑन' म्हणतात. जूनमध्ये बुकिंग झाले.

आता चौघे हक्कदार आहेत. जाहिरात विभाग म्हणतो ग्राहक आमचा. पहिला एजंट म्हणतो उन्हातान्हात मी फिरवला. विक्री पथक म्हणते तो थेट चालत आला. दुसरा एजंट म्हणतो सौदा माझ्यामुळे झाला. 'थेट ग्राहक' ठरला तर कंपनीचे २० लाख वाचतात. म्हणजे निवाडा करणारा पक्षच व्यवहारात हितसंबंध असलेला आहे. म्हणूनच नियम आधी लिहिलेला असणे आणि तो माणसाने नव्हे, तर प्रणालीने लावणे याला महत्त्व येते.

'टॅगिंग'चा नियम कसा बसवतात?

साधारणपणे तीन पद्धती दिसतात. पहिलीत ज्याने प्रथम नोंद केली त्याचा ग्राहक. ही पद्धत सोपी आहे, पण मग काही जण हाती आलेली मोबाइल क्रमांकांची यादीच पोर्टलवर ओततात आणि ग्राहकाला न भेटताच त्यावर हक्क राखून ठेवतात. दुसरीत ज्याने ग्राहकाला प्रत्यक्ष साइटवर आणले त्याचा ग्राहक. यात मेहनतीला किंमत मिळते. मात्र ग्राहक एकटाच येऊन गेला तर एजंट हरतो. तिसरी पद्धत मधली आहे : नोंदीने तात्पुरता हक्क मिळतो, ठरावीक दिवसांत साइट व्हिजिट झाली तरच तो पक्का होतो आणि पुढेही त्याला मुदत असते. ३०, ६० किंवा ९० दिवस अशा मुदती प्रकल्पागणिक ठरतात.

तिसरी पद्धत यंत्रात बसवताना चार गोष्टी चोख लागतात. वेळ सर्व्हरची धरावी, एजंटाच्या फोनमधली नाही. साइट व्हिजिटची खूण ग्राहकाच्या मोबाइलवर गेलेल्या ओटीपीने व्हावी, स्वागतकक्षातील कर्मचाऱ्याच्या मर्जीने नाही. मुदत संपण्याच्या आधी एजंटाला आपोआप संदेश जावा. आणि झालेली नोंद कोणालाही गुपचूप बदलता येऊ नये. बदल झालाच तर कोणी, केव्हा, कशाचे काय केले, याचा इतिहास कायम राहावा. या इतिहासाला 'ऑडिट ट्रेल' म्हणतात. पुढे वाद झाल्यास तोच पुरावा ठरतो.

शेवटचे चार आकडे पुरतात का?

अनेक एजंट ग्राहकाचा पूर्ण मोबाइल क्रमांक द्यायला घाबरतात. क्रमांक दिला आणि विक्री पथकाने परस्पर फोन केला तर आपण बाजूला पडू, ही भीती असते. म्हणून नोंदणीच्या वेळी फक्त नाव आणि शेवटचे चार आकडे देण्याची प्रथा पडली. यातली अडचण गणिताची आहे. चार आकड्यांच्या एकूण १०,००० जोड्या होतात. प्रकल्पाकडे २०,००० चौकश्या जमल्या असतील तर सरासरीने प्रत्येक जोडी दोघांना लागू पडते. नावाने फरक कळेल म्हणावे, तर रोमन लिपीत एकच मराठी आडनाव तीन प्रकारे लिहिले जाते. पाच आकडे घेतले तर जोड्या एक लाख होतात आणि गोंधळ बराच कमी होतो, पण संपत नाही.

यावर उपाय विश्वासाचा आहे आणि तो तंत्राने देता येतो. एजंटाने पूर्ण क्रमांक भरायचा. प्रणालीने तो जुन्या नोंदींशी ताडून लगेच 'मोकळा' किंवा 'आधीच नोंदलेला' असे उत्तर द्यायचे. पण साइट व्हिजिट होईपर्यंत तो विक्री पथकाला झाकून दाखवायचा. कोणत्या पदाच्या व्यक्तीला कोणता रकाना दिसेल, हे ठरवण्याची सोय सीआरएममध्ये असते. ती वापरायची की नाही, हा मात्र मालकाचा निर्णय असतो. क्रमांक ताडताना सुरुवातीचे शून्य, ९१ हा देशाचा आकडा आणि मधल्या मोकळ्या जागा काढून टाकल्या नाहीत, तर एकच माणूस तीन माणसे म्हणून नोंदला जातो. पती-पत्नीचे क्रमांक एका 'कुटुंब' नोंदीखाली जोडण्याची सोय नसेल, तर वरच्या उदाहरणातला गोंधळ अटळ आहे.

कोणाला काय दिसावे?

बाहेरच्या एजंटाला प्रणालीत घेताना सर्वांत नाजूक भाग हाच आहे. त्याला आपलेच ग्राहक दिसावेत, दुसऱ्याचे नाहीत. उपलब्ध घरांची यादी, कार्पेट क्षेत्रफळ, कॉस्ट शीट आणि माहितीपत्रक दिसावे. पण कोणाला किती सवलत दिली, हे दिसू नये. त्याने आणलेल्या ग्राहकाचे पुढे काय झाले, हे टप्प्याटप्प्याने दिसलेच पाहिजे. अन्यथा तो रोज सोर्सिंग मॅनेजरला फोन करत राहतो आणि पोर्टल ओस पडते.

सोर्सिंग मॅनेजरला त्याच्या हाताखालचे एजंट, क्लोजिंग मॅनेजरला त्याला वाटून दिलेले ग्राहक आणि विक्रीप्रमुखाला सगळे, अशी उतरंड असते. यादी एका झटक्यात डाउनलोड करण्याचा अधिकार मोजक्या लोकांनाच हवा. नोकरी सोडणारा कर्मचारी पेनड्राइव्हवर ग्राहकांची यादी घेऊन समोरच्या टॉवरमध्ये रुजू होणे, हे या धंद्याचे जुने दुखणे आहे.

महारेराचा संबंध कुठे येतो?

स्थावर संपदा कायदा २०१६ चा. त्याच्या कलम ९ नुसार नोंदणी नसलेल्या एजंटाला नोंदणीकृत प्रकल्पातील घराच्या विक्रीत मध्यस्थी करता येत नाही. कलम १० नुसार नोंदणी नसलेल्या प्रकल्पातील घर एजंटाला विकता येत नाही आणि हिशेबाची कागदपत्रे ठेवणे त्याच्यावर बंधनकारक आहे. नियम मोडल्यास कलम ६२ खाली दिवसाला १० हजार रुपये दंड आहे. तो घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. वरळीच्या दहा कोटींच्या घरात ही कमाल रक्कम ५० लाख होते, म्हणजे दलालीच्या अडीचपट.

महाराष्ट्रात एजंटाची नोंदणी पाच वर्षांसाठी असते. महारेराने जानेवारी २०२३ मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण, परीक्षा आणि सक्षमता प्रमाणपत्र सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. प्रमाणपत्र न घेतल्यामुळे २०२४ मध्ये सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी स्थगित झाली. म्हणजे काल वैध असलेला एजंट आज अवैध असू शकतो. म्हणून सीआरएममध्ये एजंटाचा महारेरा क्रमांक नुसता लिहून ठेवणे पुरत नाही. नोंदणीची शेवटची तारीख आणि प्रमाणपत्राची प्रत हे रकाने सक्तीचे करावेत, मुदत संपताच नवे टॅगिंग आपोआप थांबावे आणि महिनाभर आधी एजंटाला सूचना जावी.

दलालीचा हिशेब कसा जोडतात?

बुकिंग झाले म्हणजे दलाली मिळाली असे नाही. सहसा करारनामा नोंदणीकृत झाल्यावर आणि ठरलेला हप्ता जमा झाल्यावर बिल मागवले जाते. कायद्याच्या कलम १३ नुसार नोंदणीकृत करारनाम्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, त्यामुळे करारनामा हा स्वाभाविक टप्पा ठरतो.

दहा कोटींवर दोन टक्क्यांनी २० लाख. एजंट जीएसटी नोंदणीकृत असेल तर त्यावर १८ टक्क्यांनी ३ लाख ६० हजार. २० लाखांवर टीडीएस दोन टक्क्यांनी ४० हजार वजा. हा दर ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचवरून दोन टक्क्यांवर आला. म्हणजे खात्यात २३ लाख २० हजार येतात आणि त्यातला जीएसटी सरकारजमा करायचा असतो. अमुक घरे विकली तर दर वाढेल, अशा 'स्लॅब' योजना असतात. त्या कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत लागू, हे प्रणालीत नसेल तर लेखा विभाग आणि एजंट यांच्यात महिनोन्‌महिने पत्रव्यवहार चालतो. लहान एजंटासाठी तेवढा विलंब म्हणजे ऑफिसचे भाडे आणि दोन मुलांची फी. बिल कोणाच्या टेबलावर अडले आहे, हे पोर्टलवर दिसणे त्याच्या दृष्टीने सर्वांत उपयोगाची सोय असते.

आणि ज्याच्यावरून हे सगळे भांडण, त्या ग्राहकाचे काय?

एकदा क्रमांक दिला की दहा प्रकल्पांतून फोन सुरू होतात, हा मुंबईकरांचा अनुभव आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होतील, अशी टप्प्यांची रचना आहे. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरणे, संमती मागे घेण्याची सोय देणे आणि काम संपल्यावर माहिती पुसणे, हा त्याचा गाभा आहे. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

म्हणून प्रणालीत 'संमती कोणी, कधी, कशासाठी घेतली' हा रकाना आता शोभेचा राहिलेला नाही. एजंटाने ग्राहकाला न विचारता क्रमांक टॅग केला, तर तो प्रश्न दोघांनाही चिकटू शकतो. टॅगिंगच्या वेळी ग्राहकाला 'अमुक एजंटाने अमुक प्रकल्पासाठी आपली नोंद केली आहे, मान्य आहे का?' असा संदेश गेला तर दोन कामे एकदम होतात : संमती मिळते आणि ग्राहकाला न भेटताच यादी ओतणारा एजंट उघडा पडतो.

बदल किती करावेत?

मोह होतो तेवढे नक्कीच नाही. लीड नोंदवायला ४० रकाने सक्तीचे केले की विक्री कर्मचारी त्यात टिंब टाकून पुढे जातो आणि अहवाल निरर्थक होतो. पहिल्या नोंदीसाठी नाव, क्रमांक, स्रोत, अंदाजपत्रक आणि घराचा आकार एवढे पुरते; बाकीचे साइट व्हिजिटनंतर भरता येते. शक्य तेथे सॉफ्टवेअरमधील तयार सोयीच वापराव्यात. स्वतंत्र कोड लिहून घेतला की सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आल्यावर तो मोडू शकतो आणि लिहिणारा तोवर दुसरीकडे गेलेला असतो. एजंटांचे सारे काम फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चालते, त्यामुळे त्यांच्यासाठीचा पडदा फोनवर एका हाताने, लिफ्टमध्ये उभे राहून भरता आला पाहिजे. नियमावली मराठी, हिंदी, गुजरातीत दिली तर 'मला माहीत नव्हते' हे वाद कमी होतात.

सुरुवात करताना सॉफ्टवेअर निवडण्याआधी वाद मिटवण्याचा नियम एका कागदावर लिहावा. तो कागदावर जमत नसेल तर यंत्रातही जमणार नाही.

एजंटाने काय जपावे?

टॅग केल्यावर मिळालेली पोच आणि साइट व्हिजिटचा संदेश जपून ठेवावा. टॅगची मुदत आणि दलालीचा दर यांचा लेखी करार मागावा. तोंडी शब्दावर विसंबू नये. ग्राहकाचा दुसरा क्रमांक माहीत असल्यास तोही नोंदवावा. नोंद नाकारली गेली तर कारण लेखी विचारावे.

वरळीत पूर्वी जागेचे व्यवहार पागडीवर आणि शब्दावर चालत. शब्द देणारा आणि घेणारा एकाच गल्लीत राहत, त्यामुळे शब्द फिरवणे महाग पडे. आज ग्राहक दुबईत, बिल्डरचे कार्यालय एकीकडे, तर एजंट दुसरीकडे असतो. शब्दाची जागा नोंदीने घेतली आहे. ही नोंद दोन्ही बाजूंना सारखीच दिसत असेल, तरच एजंट पुढचा ग्राहक त्याच टॉवरच्या दारात आणेल.